हद्दीच्या दगडावर कोण बसलं?

लुद्मिलाबाई हाव्रानोवा कात्री उघडून फितीपुढे उभ्या होत्या, तेवढ्यात शेजारगावचे सरपंच आपल्या गावकऱ्यांना घेऊन धापा टाकत टेकडी चढून आले.

"कात्री खाली ठेवा, बाई!" ओताकार ब्राबेत्स लांबूनच ओरडले. "हा मनोरा माझ्या गावात आहे!"

बँड थांबला. फक्त मोठ्या तुतारीवाल्या आजोबांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते आणखी थोडा वेळ एकटेच वाजवत राहिले.

लुद्मिलाबाई वरच्या होबुलोवच्या सरपंच आणि ब्राबेत्स खालच्या होबुलोवचे. वरच्या गावातली शाळा बंद पडली, दुकान गेलं, पोस्ट तर खालच्यांनीच पळवलं. पर्यटकांच्या नकाशात खालच्या गावाला किल्ल्याची पडकी भिंत होती, वरच्या गावाच्या जागी नुसता हिरवा रंग होता. ही गोष्ट बाईंच्या मनाला फार लागली होती. म्हणून त्यांनी टेकडीवर लाकडी मनोरा बांधायचा चंग बांधला. गावच्या हौशी अग्निशामक दलाने दोन उन्हाळे फळ्या वाहिल्या, आणि फळी वाहताना बाई स्वतः सगळ्यांच्या पुढे असत.

आज पर्यटकांना वाट दाखवण्यासाठी पायवाटांवर रंगाचे पट्टे मारणारे चिहाक मुद्दाम आले होते. मनोऱ्यापाशी ते पिवळी पाटी लावणार होते. पाटीवर ज्या गावाचं नाव येईल, तेच नाव नव्या नकाशात छापलं जाणार होतं. चिहाक डब्यात ब्रश बुडवून केव्हाचे तयार होते.

"तुमच्या गावात कसा असेल?" लुद्मिलाबाई म्हणाल्या. "हा बघा हद्दीचा दगड. दगडाच्या अलीकडे आम्ही. मनोरा अलीकडे आहे."

"दगड त्या वाकड्या झाडापाशी होता. लहानपणी आजोबांनी मला त्याच्यावर बसवून सॉसेज भरवलं होतं. वाकडं झाड कुठे आहे, आणि दगड कुठे आहे!"

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं. मध्ये बरंच गवत होतं.

"झाड सरकलं असेल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"गुरुजी, तुम्ही सांगा," लुद्मिलाबाई म्हणाल्या. मातेयीचेक गुरुजी गावाचा इतिहास लिहीत. त्यांनी घसा खाकरला. "महाराणीच्या काळापासून ही टेकडी आपलीच आहे. मी स्वतः लिहिलंय."

"कशावरून लिहिलंत?" ब्राबेत्सनी विचारलं.

"कशावरून म्हणजे? इथे येऊन दगड बघून लिहिलं."

इतक्यात अग्निशामक दलाचा प्रमुख बोहुश लालबुंद झालेला बाईंच्या लक्षात आला. इतका मोठा गडी, पण शाळेत काच फोडल्यासारखा उभा होता.

"बोहुश, काय केलंयस तू?"

"मी एकट्याने नाही, बाई. सगळ्यांनीच. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी आपण इथे थंडी गेली म्हणून गवताची चेटकीण जाळतो ना? होळीपुढे बसायला दगड बरा पडतो. धूर डोळ्यात गेला की आम्ही तो जरासा सरकवतो. जरासाच!"

"दर वर्षी?"

"धूर दर वर्षी येतो, बाई."

ब्राबेत्स खदखदून हसले. "बघा! हद्दीवर बसून सॉसेज भाजणारी माणसं! आणि यांना नकाशात जायचंय!"

"जास्त हसू नका," बोहुश चिडून म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तुमची पोरं याच जागी शेकोटी करायला येतात. त्यांच्या डोळ्यात धूर जात नाही का? तीही सरकवतात!"

ब्राबेत्सनी मागे वळून आपल्या पोरांकडे पाहिलं. पोरं बिअरच्या पिंपाकडे बघत होती.

"हरकत नाही," गुरुजी उत्साहाने म्हणाले. "यांनी तिकडे ढकलला, त्यांनी इकडे ढकलला. म्हणजे दगड मूळ जागीच आहे!"

यावर दोन्ही गावांचं क्षणभर समाधान झालं. मग बोहुशने डोकं खाजवलं. "पण गुरुजी, वारा इथे कायम पूर्वेकडे वाहतो. दोघांचाही धूर पूर्वेलाच जातो. त्यामुळे दोघंही दगड पश्चिमेलाच ढकलतो."

आता दगड कुणाचा, मनोरा कुणाचा आणि आपण उभे आहोत ती जमीन कुणाची, हे कुणालाच कळेना. वरच्या गावची माणसं खालच्या गावच्या माणसांना "आमच्या हद्दीतून बाहेर व्हा" म्हणत होती, पण बाहेर म्हणजे कुठे, ते सांगता येत नव्हतं.

"कागदावर मनोरा आपल्याच हद्दीत आहे ना?" लुद्मिलाबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"कागदावर आहेच," बोहुश म्हणाला. "पण बांधताना आम्ही दगडापासून मोजलं."

इतका वेळ ब्रश धरून उभे असलेले चिहाक म्हणाले, "माझ्या फोनमध्ये सरकारी हद्दींचा नकाशा आहे. बघू का?"

"मग मघाशीच का नाही बोललात?" दोन्ही सरपंच एकदम ओरडले.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

चिहाकनी फोन धरून मनोऱ्याला एक फेरी मारली. मग उलट दिशेने मारली. "हे वरचं होबुलोव नाही," ते म्हणाले. ब्राबेत्सनी हात वर केले. "खालचंही नाही." ब्राबेत्सनी हात खाली घेतले. "इथे तीन गावांच्या हद्दी मिळतात. आपण मोक्री दूलमध्ये उभे आहोत."

सगळे लुद्मिलाबाईंकडे चोरून बघू लागले.

त्याला कारण होतं. मोक्री दूलचे सरपंच मिरेक हाव्रान, बाईंचे घटस्फोटित नवरे. काडीमोड झाला त्या दिवशी बाईंनी भर पबमध्ये जाहीर केलं होतं की मेले तरी या माणसाच्या गावात पाय ठेवणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचा सरळ रस्ता मोक्री दूलमधून जातो, म्हणून दाढ ठणकत असतानाही त्या अख्ख्या डोंगराला वळसा घालून गेल्या होत्या.

आणि दोन उन्हाळे त्या इथेच फळ्या वाहत होत्या.

पलीकडच्या झाडीतून मिरेक बाहेर आले. हातात अळंब्यांची टोपली होती. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, पण बँड ऐकल्यावर घरात कोण बसणार?

"छान झालाय," मनोऱ्याकडे बघत ते म्हणाले. "दोन उन्हाळे बघतोय मी."

"बघतोयस?" लुद्मिलाबाईंचा आवाज चिरकला. "मग बोलला का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस, पुन्हा तोंड उघडलंस तर याद राख."

बाईंनी आपल्या बुटांकडे पाहिलं, बुटांखालच्या गवताकडे पाहिलं आणि मग फितीखालून वाकून त्या तरातरा मनोऱ्याच्या जिन्याने वर चढू लागल्या.

"बाई, फीत कापायची राहिली!" बोहुश ओरडला.

"हवेत कुणाची हद्द नसते!" वरून उत्तर आलं.

बँडने एक चाल वाजवली, मग दुसरी वाजवली. जेवणासाठी शिजवलेला गुलाशचा मांसाचा रस्सा थंड व्हायला लागला, तरी बाई खाली येईनात. खाली यायचं म्हणजे पुन्हा मिरेकच्याच गावात पाय ठेवायचा! "शिडीची गाडी आणू का?" बोहुशने विचारलं. "गाडी तरी कुठे उभी करणार?" गुरुजी म्हणाले.

शेवटी मिरेकनी टोपली गवतात ठेवली, बिअरचे दोन मग भरून घेतले आणि तेही वर गेले. दोन्ही गावं माना वर करून उभी राहिली.

"भांडतायत का?" ब्राबेत्सनी कुजबुजत विचारलं.

"नाही," बोहुश म्हणाला. "बाई हसतायत बहुतेक."

सगळ्यांना बरं वाटलं. चिहाकना मात्र उजेडात घरी पोचायचं होतं. त्यांनी हाताचा कर्णा करून विचारलं, "पाटीवर नाव काय लिहू?"

"मोक्री दूल!" लुद्मिलाबाई ओरडल्या.

"वरचं होबुलोव!" त्याच क्षणी मिरेक ओरडले.

वर दोघंही एकमेकांकडे वळले.

"जमीन तुझी आहे, मिरेक. नाव तुझ्याच गावाचं लागेल!"

"पण बांधलास तू! तुझं नाव लागू दे म्हणतोय ना मी!"

"हे असं! कायम दान दिल्यासारखं करतोस!"

"आणि तुला कधी सरळ हाताने काही घेता येतं का?"

"माझ्या आईच्या देखतसुद्धा तू असंच..."

"तुझ्या आईला मध्ये आणू नकोस!"

ब्राबेत्स चिहाकच्या जवळ सरकले. "त्यांचं चालू द्या. तुम्ही खालचं होबुलोव लिहून मोकळे व्हा."

चिहाकनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "किती वेळ चालेल हे?" त्यांनी बोहुशला विचारलं.

"मागच्या वेळी लग्नापासून घटस्फोटापर्यंत चाललं होतं."

चिहाकनी ब्रश पुसला, रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि ते गुलाशच्या रांगेत जाऊन उभे राहिले.