बाबांची बटणं

टॅबलेटची काच खालच्या कोपऱ्यात तडकली म्हणून नवा टॅबलेट आणायचा, एवढंच ठरलं होतं. तिथेच थांबलो असतो तर आज घरात ताठ मानेनं वावरलो असतो. पण मी पडलो स्क्रीन डिझाइन करणारा माणूस. कुठलं बटण कुठे असावं, किती मोठं असावं, हे ठरवण्याचा मला ऑफिसात पगार मिळतो. (घरात गॅसचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे मला अजून कळत नाही, पण तो विषय वेगळा.)

टॅबलेट बाबांचा होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, बाबांना समोर बसवून रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली आणि टॅबलेटवर एकेकाचं बटण केलं. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे स्वतः लिहिलेलं त्यांनाही वाचता येत नाही. पण बटण दाबलं की टॅबलेटमधून बाबा बोलायचे. "चहा झाला का?" "पंखा कमी कर." आवाज तोच, आणि त्यातला हुकूमही तोच.

ताईची मांडणी मात्र मला पहिल्यापासून खुपायची. पाण्याशेजारी टीव्ही, टीव्हीखाली 'दुखतंय', एक बटण लाल तर दुसरं पोपटी. खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर तर काही लिहिलेलंच नव्हतं, नुसता ठिपका. आमच्या धंद्यात बिननावाचं बटण म्हणजे पाप. नव्या टॅबलेटवर मी आमच्याच कंपनीचं ॲप टाकलं. ते फोनवर, टॅबलेटवर, कॉम्प्युटरवर अगदी सारखं दिसतं (यासाठी मला एकदा टाळ्याही मिळाल्या आहेत). सगळी बटणं एका मापाची आणि एका रंगाची करून गटवार लावली. ठिपका काढून टाकला. आमचं ॲप बाहेरची रेकॉर्डिंग घेईना, म्हणून त्यातलाच एक गोड यांत्रिक आवाज दिला. जुन्या टॅबलेटमधलं सगळं पुसून तो दुकानात देऊनही आलो. बायको म्हणाली, "बाबांना विचारलंत का?" मी म्हटलं, आता दाखवतोच ना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला घरी आले. बाबा चष्मा न लावता, जागेच्या सवयीनं बटणं दाबतात, हे घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? बाबांनी 'बरं आहे'च्या जागी बोट ठेवलं. टॅबलेट एका तरुण बाईच्या आवाजात म्हणाला, "दिवा बंद करा." डॉक्टर भला माणूस. उठून त्यांनी दिवा बंद केला. बाबांनी घाईघाईनं 'बसा' दाबलं. "मला आता झोपायचं आहे," टॅबलेट म्हणाला. डॉक्टरांनी चाचपडत बॅग उचलली. दारापर्यंत जाताना मी त्यांना मांडणीमागचा विचार समजावून सांगत होतो.

परत येऊन पाहतो तर बाबांनी टॅबलेट उशीखाली पालथा घातलेला. त्यानंतर ते बोललेच नाहीत. चहा समोर आला तर घेत, नाही आला तर मागत नसत. मी बटणं मोठी केली, रंग बदलले, पण ते तिकडे बघेनात. ज्या खोलीतून दिवसभर हुकूम सुटायचे, तिथे आता फक्त पंखा ऐकू यायचा. मला खरंच भीती वाटू लागली. बायको ओट्यापाशी उभी होती. मागे न वळताच ती म्हणाली, "ऑपरेशन झालं तरी बाबा गप्प झाले नव्हते. गप्प त्यांना तुम्ही केलंत."

शेवटी ताईला फोन लावला. तिनं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. (हे तिनं लहानपणापासून कधी केलेलं नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.) मग म्हणाली, "माझ्याकडे कॉपी आहे. आवाजासकट."

"पण तुझा टॅबलेट वेगळ्या कंपनीचा आहे."

"असू दे. सगळ्यांना चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवलंय मी ते. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, कुठल्याही ॲपमध्ये उघडतो."

कुठल्याही म्हणजे, आमचं सोडून. आमच्या ॲपनं ती फाइल पाहताच नम्रपणे सांगितलं, "काहीतरी चुकलं." (त्या सूचनेचा रंगही मीच निवडला होता.) तेव्हा टाळ्या मिळवलेलं ते ॲप स्वतःच्या हातानं काढलं, ताईचं साधं फुकटचं ॲप टाकलं आणि फाइल उघडली. लाल, पोपटी, पाण्याशेजारी टीव्ही, सगळं जिथल्या तिथे आलं. कोपऱ्यात तो ठिपकाही आला.

टॅबलेट बाबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ हात लावला नाही. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. काहीतरी बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थरथरतं बोट चष्म्याशिवाय सरळ कोपऱ्यातल्या ठिपक्यावर गेलं, आणि इतक्या दिवसांनी खोलीत बाबांचा आवाज आला.

"तू राहू दे. सूनबाईला बोलाव."

सूनबाई दारातच उभी होती. ती रडता रडता हसायला लागली, आणि बाबांचे खांदेही हलू लागले. मी ताईला फोन करून विचारलं, त्या बटणावर नाव का नाही घातलंस? ती म्हणाली, बाबांनीच नको म्हटलं, तुझ्या नजरेस पडलं तर तुला वाईट वाटेल म्हणून.

जुन्या टॅबलेटची काच नेमकी त्याच कोपऱ्यात का तडकली होती, ते मला तेव्हा कळलं.