इंटरनेटात उतरण्यापूर्वी

मीटिंगला जो गैरहजर, त्याच्या गळ्यात काम, ही त्या शाळेची जुनी आणि कुठेही न लिहिलेली पद्धत होती. त्यामुळे तापाने फणफणलेले शिक्षकसुद्धा डोक्याला मफलर गुंडाळून मीटिंगला येऊन बसत. खेळाचे शिक्षक शिट्टीसर मात्र त्या दिवशी खरोखरच अडकले होते. शाळेच्या तलावात दुसरीची मुलं पोहायला शिकत होती आणि त्यांना पाण्यात सोडून मीटिंगला जावं असं काही त्यांच्या मनाला पटेना. ओल्या चपला वाजवत ते शिक्षकखोलीत पोचले तेव्हा सगळे चहाचे कप ठेवून उठत होते आणि त्यांच्याकडे नको इतक्या प्रेमाने बघत होते.

"अभिनंदन!" भूमितीचे सर म्हणाले. "इंटरनेट जबाबदारीने कसं वापरायचं, त्याचे नियम. विद्यार्थ्यांसाठी आणि आपल्यासाठीही. तुम्ही लिहिताय."

"मी? अहो, मी खेळाचा माणूस! संगणकाच्या बाई आहेत की."

"त्या मीटिंगला हजर होत्या ना," भूमितीच्या सरांनी सिद्धता दिली.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. त्यांनी शिट्टीसरांना दारातच गाठलं. "सोमवारी सकाळी नियम भिंतीवर लागलेले पाहिजेत. दुपारी पालकसभेला संस्थेचे अध्यक्षसाहेब येतायत. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते त्याच दिवशी ठरणार आहे. हे काम नीट झालं, तर मला तुमच्या बाजूने बोलायला बरं पडेल."

शिट्टीसर कितीतरी वर्षं त्या शाळेत तात्पुरतेच होते. सासरे फोनवर तब्येत विचारायच्या आधी "कायम झालात का?" असं विचारत. बायको काही विचारत नसे आणि ते जास्त लागे. घरात नवं कपाट घ्यायचं म्हटलं तरी ती म्हणे, "कायम झाल्यावर बघू." त्यामुळे त्यांच्या घरात कपाटही तात्पुरतंच होतं, म्हणजे पलंगाखालच्या दोन बॅगा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते ऑफिसातल्या संगणकासमोर बसले. 'नियम पहिला' असं टाइप केलं आणि पडद्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी नियम ओरडून सांगितले होते, लिहिले कधीच नव्हते. शेजारच्या टेबलावरून शाळेचे क्लार्क भाऊसाहेब हे हाल बघत होते.

"सर, एवढा कसला विचार करताय? नियम म्हणजे नियम हो. जुने एखादे उघडा आणि शब्द बदला. मी रजेचे अर्ज तसेच करतो. आजारी पडणारा नातेवाईक तेवढा बदलायचा."

जुने नियम त्या संगणकात एकच होते, तलावाचे. भाऊसाहेबांनी दोन बटणं दाबली आणि जिथे जिथे 'तलाव' होता तिथे तिथे 'इंटरनेट' येऊन बसलं. तेवढ्यात मोठ्या बाई पर्स सावरत दारात आल्या. "माझा एक नियम शेवटी घाला, 'इंटरनेटाचा पासवर्ड कोणालाही सांगू नये.' बाकीचं तुम्ही बघा." सरांनी तोही घातला. हा नुसता सांगाडा आहे, आता रविवारी निवांत बसून प्रत्येक नियम नीट लिहून काढायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ते शनिवारच्या सामन्यांच्या तयारीला निघून गेले.

शनिवारी त्यांचा संघ चक्क जिंकला. असं पूर्वी कधी झालंच नव्हतं, त्यामुळे जिंकल्यावर रविवारी पुन्हा खेळावं लागतं हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. इकडे पालकसभेच्या तयारीसाठी रविवारीही उघडलेल्या शाळेत मोठ्या बाईंनी नियम मागितले. भाऊसाहेबांनी संगणकात जे होतं ते छापलं. बाईंनी एका हाताने फोनवर बोलत दुसऱ्या हाताने सही ठोकली आणि त्या सहीनिशी नियम सगळ्या भिंतींवर लागले, सगळ्या पालकांच्या मोबाइलवरही जाऊन पडले.

सोमवारी सकाळी शिट्टीसर फाटकातून आत आले तर संगणकखोलीबाहेर आठवीचा वर्ग खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभा होता. निम्म्यांच्या डोक्याला रबरी टोप्या होत्या. सरांनी भिंतीवरचा कागद वाचला.

'इंटरनेटात उतरण्यापूर्वी स्वच्छ आंघोळ करावी. जेवणानंतर लगेच इंटरनेटात उतरू नये. इंटरनेटाच्या कडेने पळू नये. इंटरनेटाच्या खोल भागात एकट्याने जाऊ नये. कोणी बुडताना दिसल्यास स्वतः उडी न मारता ओरडून मोठ्या माणसाला बोलवावे. नाकातोंडात पाणी गेल्यास लपवू नये, शिक्षकांना सांगावे. शिट्टी वाजताच सर्वांनी ताबडतोब इंटरनेटाबाहेर यावे. इंटरनेटाचा पासवर्ड कोणालाही सांगू नये.'

खाली मोठ्या बाईंची सही होती. त्या सहीला प्रश्न विचारण्याची त्या शाळेत कोणाची छाती नव्हती. संगणकाच्या बाईंनी तेवढं धाडस केलं.

"बाई, ती आंघोळ जरा..."

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे भिंतीवरचा कागद पहिल्यांदाच वाचला. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण मान ताठच राहिली. "त्यामागे विचार आहे."

"आंघोळीमागे?"

"स्वच्छतेमागे. कीबोर्ड बघितलेत का तुमचे? मुलांना हात धुवून येऊ दे."

मोठ्या बाईंनीच पाठिंबा दिल्यावर शाळेला जोर चढला. मधल्या सुट्टीनंतर हजेरी इंटरनेटवर भरायची असे, पण शिक्षक नुकतेच जेवलेले असल्यामुळे एकाही वर्गाची भरली गेली नाही. भूमितीच्या सरांनी तर डबा उघडल्याचं कबूल करून उरलेल्या दिवसाचं सगळंच संगणकाचं काम नाकारलं.

खरा घोटाळा शिट्टीने केला. सातवीचा खेळाचा तास होता. शिट्टीसरांनी सवयीने फाऊलची शिट्टी फुंकली आणि संगणकखोलीतून अख्खा वर्ग खुर्च्या मागे ढकलून बाहेर पळाला. ऑफिसात भाऊसाहेब सगळ्यांच्या पगाराची माहिती वर पाठवत होते. ते ती अर्धी सोडून उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

"अहो भाऊसाहेब, पगार!" शिट्टीसर मैदानातून ओरडले.

"शिट्टी झाली, सर. आता परत पहिल्यापासून. मला बोलू नका, सही बघा कोणाची आहे ती."

दुपारपर्यंत शिट्टीसरांनी खिशातली शिट्टी काढून बुटात लपवली होती. मनाशी त्यांनी ठरवून टाकलं की सभेत सरळ उभं राहायचं, चूक सांगायची, माफी मागायची. कायम होणं काही आता होत नाही. संध्याकाळी बायकोला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. पलंगाखालच्या बॅगा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

पालकसभेत अध्यक्षसाहेब नियमांचा कागद हातात धरून बसले होते. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

शिट्टीसर उठले. एका बुटात शिट्टी टोचत होती. "साहेब, मीच. पण मला एक सांगायचंय. हे नियम मुळात..."

"थांबा सर, मला आधी बोलू द्या," मागून एक आई म्हणाली. ती उठून उभी राहिली. "माझी मुलगी आठवीत आहे. बरेच दिवस मोबाइलवर तिच्याशी कोणीतरी गोड बोलत होतं. मैत्रीण म्हणून. आम्हाला पत्ता नाही. आम्ही हजारदा बजावलंय, सावध राहा, जबाबदारीने वाग. ती हो हो म्हणायची. रविवारी हे नियम आले, त्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. ती पण हसली. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, 'आई, मला कोणीतरी खोल भागात बोलावतंय. माझे फोटो मागतंय. आणि नाकातोंडात पाणी गेलंय गं.' मी तिला जवळ घेतलं. पुढचं काय करायचं ते आम्ही केलं. पण सर, ते सांगायला तिला शब्द नव्हते. ते तुम्ही दिलेत."

शिट्टीसरांना ती मुलगी आठवली. दुसरीत असताना पाण्याला घाबरून तिने त्यांचं बोट सोडलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग भानावर येऊन त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "ताई, खरं सांगतो, हे सगळं तलावाचं..."

शेजारून मोठ्या बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही घट्ट ओढली. "खाली बसा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"बाई, मला खरं सांगू द्या."

"तुम्ही खरं सांगितलंत, तर मी न वाचता सही केली हे मला सांगावं लागेल. बसा."

शिट्टीसर बसले. अध्यक्षसाहेब मात्र उठले. "माझ्या टेबलावर असे नियम महिन्याला येतात. एकही माणूस ते वाचत नाही. मीही नाही. हे मी दोनदा वाचले. असा माणूस तात्पुरता ठेवायचा? बाई, यांना आजच कायम करा."

टाळ्या वाजल्या. भाऊसाहेबांनी आनंदाच्या भरात शिट्टी मारली आणि मागच्या रांगेतल्या पालकांनी चटकन मोबाइल खिशात टाकले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला बातमी सांगितली. तिने पलंगाखालच्या दोन्ही बॅगा ओढून बाहेर काढल्या, त्यावरची धूळ झटकली आणि डोळे पुसत म्हणाली, "लाकडीच घेऊ या हं." सासऱ्यांनी फोनवर आयुष्यात पहिल्यांदा जावयाची तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेबांचा निरोप आला. शाळेच्या तलावावरचे नियम फार जुने आणि रटाळ आहेत, कोणी वाचत नाही, तरी इंटरनेटाच्या धर्तीवर त्याचेही नवे नियम शिट्टीसरांनीच लिहून द्यावेत.

शिट्टीसर संगणकासमोर बसले. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं आणि भाऊसाहेबांनी मुकाट्याने तीच दोन बटणं दाबली. मोठ्या बाईंनी लगेच सही केली. तलावावर आता नवा कोरा फलक लागला आहे. त्याच्या शेवटच्या ओळीत, 'तलावाचा पासवर्ड कोणालाही सांगू नये' असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे, आणि शाळेची शिस्त अशी की आजपर्यंत तो कोणीही कोणाला सांगितलेला नाही.