विसपुत्यांचा मॉनिटर

खडोलीच्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणारे विसपुते साहेब एकदा माझ्यासोबत एका घरी सांत्वनाला आले होते. सगळे मान खाली घालून बसलेले. कोपऱ्यात आवाज बंद केलेल्या टीव्हीवर बातम्यांची पट्टी सरकत होती. विसपुते तिच्याकडे बघत राहिले आणि माझ्या कानाशी लागले, "भाऊ, अटकतंय."

हा धुळ्याचा माणूस सिल्वासात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात ते आणि सुनंदावहिनी, दोघंच. कॉम्प्युटरवर जुने व्हिडिओ गेम चालवायचा त्यांना नाद, आणि त्यासाठी मॉनिटर निवडताना छळ माझा. "जुन्या गेमची चाल वेगळी, आजच्या स्क्रीनची वेगळी," ते समजावत. "पाऊल जुळत नाही, म्हणून चित्र अटकतं. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला पाहिजे, भाऊ. तो गेमसाठी थांबतो."

पहिल्या मॉनिटरला सिंकच नव्हतं, परत. दुसऱ्याला होतं, पण गेममध्ये बोगदा आला की स्क्रीनचा उजेड लुकलुकायचा. तोही परत. दुकानदार काकुळतीला आला, "सायेब, आ तो मख्खन छे!"

"मख्खन पावाला लाव," विसपुते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी वैतागलोच. "साहेब, तुमच्याशिवाय हे दिसतं तरी कुणाला?"

ते स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत राहिले. "सुनंदाला. अर्धांग झाल्यापासून चित्र जरा अटकलं की तिला गरगरतं, उलटी होते. लग्न करून इथं आलो तेव्हा तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी आम्ही हाच गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. मला रोज हरवायची, भाऊ."

तिसरा मॉनिटर आला, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. स्क्रीनवरचा रस्ता पाण्यासारखा सरकू लागला. वहिनींना अजिबात गरगरलं नाही. पण विसपुत्यांनी हातात दिलेला कंट्रोलर त्यांच्या मांडीवर घसरला. बोटं हललीच नाहीत.

विसपुत्यांनी तो कंट्रोलर उचलून आपल्या एका गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्यावर स्वतःचा. एका हातानं वहिनींची गाडी, दुसऱ्या हातानं स्वतःची. दोन्ही गाड्या कठड्यांवर आपटत, वेड्यावाकड्या पळायला लागल्या.

"कोण... पुढं?" वहिनींनी जड जिभेनं विचारलं.

विसपुत्यांनी आपल्या कंट्रोलरवरचा हात काढून घेतला. त्यांची गाडी रस्त्यातच उभी राहिली.

"तूच," ते म्हणाले.