ओल्या बारदान्यातला दात

मेडशीला बदली होऊन आले त्याच महिन्यात मी स्कूटर घेतली आणि शेजारधर्म म्हणून तुळशीरामभाऊंकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा हातात धरला, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "उगवण पाह्यली काय?"

मला वाटलं, माझंच काहीतरी ऐकायचं राहिलं. पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांना आणि सगळ्याच बाबतीत विचारतात. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या बारदान्यात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळायचे, आठवडाभर ओल राखायची आणि किती उगवले ते मोजायचं, हे आमच्या गावात बरेच जण करतात. तुळशीरामभाऊंनी मात्र त्याचा धर्मच केला होता. कुणाकडे नवा जावई येवो की सरपंच नळाचं आश्वासन देवो, त्यांचं उत्तर ठरलेलं: "सहा दिवस ओल्यात ठेवा, मंग बोलू." त्यांच्या पडवीतल्या दोरीवर कपडे कमी आणि बारदान्याच्या गुंडाळ्या जास्त असत. मी एकदा त्यांना घरचा लसूण दिला, तर आठ दिवसांनी "चांगला हाये" असा निकाल आला.

त्यांची मिशी झुपकेदार, पण डावीकडे बोटभर पट्टा अगदी कोरा. पेरलेल्या ओळीत बी न उगवल्याने जी रिकामी जागा राहते तिला नांगी म्हणतात. "माह्या मिशीत एक नांगी हाये," असं ते स्वतःच सांगत. जन्मतः त्यांचा ओठ दुभंगलेला होता. विशीत कुठल्याशा शिबिरात तो शिवला, हिरडीतली फट मात्र तशीच राहिली. पेरू त्यांना अजून चावता येत नाही. लग्नाचं कुणी विचारलं नाही, आणि मग त्यांनीही कुणाला विचारलं नाही. पुतण्याच्या घरालगत एका खोलीत एकटे राहतात.

त्या पुतण्याची मुलगी आरुषी माझ्या वर्गात आहे. ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया तिची लहानपणीच झाली, पण हिरडीच्या हाडात फट आहे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा तिची आई वर्षा मला म्हणाली, "मॅडम, तुमी चला. थे काय सांगतात, आमाले समजत नाई." मी मराठी शिकवते. पण गावाच्या हिशोबाने शिकलेल्या बाईला सगळंच समजत असतं. तुळशीरामभाऊ न विचारताच सोबत निघाले.

डॉक्टरीणबाई फार शांतपणे बोलल्या. दुधाच्या दाताच्या आतल्या मऊ भागात स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी असतात. दात हलायला लागला की तो काढायचा, त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, एका जाळीदार आधारावर ठेवून हिरडीच्या फटीत बसवायच्या. तिथे त्यांनी नवं हाड धरलं की वरचा सुळा त्यातून खाली उतरू शकतो. हे सुळा यायच्या आत व्हायला हवं. पद्धत नवी आहे, अभ्यास चालू आहे, जमेलच असं नाही. नाही जमलं तर जुन्या रीतीने कमरेच्या हाडातून थोडं हाड घ्यावं लागेल.

मी मान हलवत होते आणि आतून पार गोंधळले होते. म्हणजे दात काढायचा, त्याचं हाड करायचं, आणि हाड कशासाठी, तर दात यावा म्हणून. मग काढायचा कशाला? हे विचारायची मला लाज वाटली.

तुळशीरामभाऊंना कसलीच लाज नव्हती. "म्हनजे नांग्या भरनं," ते म्हणाले. "अन् बियाणं तिच्याच घरचं. बाहेरचं नाई. हे बराबर हाये." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी तो प्रश्न विचारलाच: "पन बाई, उगवण पाह्यता काय?"

मी जमिनीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो. बसवायच्या आधी किती पेशी जिवंत आहेत, ते मोजतो आम्ही."

या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. परतीच्या प्रवासात ते अकोल्यापर्यंत डॉक्टरीणबाईंचं कौतुक करत होते. "प्लॉट चांगला हाये नागपूरचा," असं बियाण्याच्या शेताबद्दल म्हणावं तसं म्हणाले. मी वर्षाला सगळं समजावून सांगू लागले, तर मधेच माझंच दात आणि हाड उलटसुलट झालं. शेवटी तिने त्यांच्याचकडून समजून घेतलं.

पुढच्याच महिन्यात घोटाळा झाला. आरुषीचा हलणारा दात भाकरी खाताना पडला. नागपूरला जायला चार दिवस होते. वर्षाने सवयीने, नवा दात लवकर यावा म्हणून, तो घराच्या टिनांवर भिरकावला आणि मग तिच्या लक्षात आलं. ती रडायला लागली. तुळशीरामभाऊंनी शिडी लावली आणि भर दुपारी तापलेल्या टिनांवर ओलं पोतं टाकत रांगत गेले. तासाभराने दात घेऊन उतरले. तो आरुषीचाच कशावरून, असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिडी उचलायला लागले.

दातही त्यांनी बारदान्यात गुंडाळला. शेजारी सोयाबीनचे दहा दाणे ठेवले, ताडून पाहायला. ती ओली गुंडाळी मांडीवर घेऊन ते नागपूरला आले. दहाच्या दहा दाण्यांना मोड आले होते. दात दातासारखाच होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आतला भाग केव्हाच मेला, त्या म्हणाल्या. दात इथेच काढून लगेच त्यांच्या द्रावणात ठेवावा लागतो. हा वाया गेला, दुसरा हलायला लागला की आधी या. तुळशीरामभाऊंनी गुंडाळी घडी करून खिशात ठेवली.

दुसरा दात हलेपर्यंत त्यांनी त्या पोरीला नुसतं छळलं. चिक्की बंद, हरभरे बंद, जिभेने दात ढकलणं बंद. शाळेच्या कुंपणाशी उभे राहून मला विचारत, "मॅडम, आज तोंडात बोट घातलं काय तिनं?" आरुषी वैतागली. पण दात हलला, वेळेत नागपुरात निघाला, पेशी वाढल्या आणि शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसून होते आणि चहाही प्यायले नाहीत.

सहा महिन्यांनी हाड आलं की नाही ते तपासायचं होतं. साऱ्या गावाला उगवण विचारणारा माणूस ऐनवेळी म्हणाला, "तुमीच जा. माही सोयाबीनची सोंगणी हाये." सोयाबीन कापून चार दिवस झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला.

नागपुरात स्कॅनच्या पडद्यावर मला राखाडी ढगाशिवाय काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं: आधी इथे काळी फट होती, आता हाडाचा पूल झालाय. सुळा त्याच दिशेने सरकतोय. तो पुरता उतरेपर्यंत लक्ष ठेवायचं, पण काम झालंय. वर्षाने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी तुळशीरामभाऊंच्या पडवीत गेले, जरा सुनावायचं ठरवूनच. ते उकिडवे बसून तळहाताएवढ्या बारदान्यावर पाणी शिंपडत होते. बारदाना उलगडलेला होता. त्यात तो टिनांवरचा दात.

"अजून?" मी म्हटलं. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं ना, हा वाया गेला म्हणून."

"सांगतलं होतं," ते म्हणाले. "माह्या मायले बी सुइनीनं सांगतलं होतं. याचा ओठ फाटेल हाये, हे पोट्टं दूध ओढत नाई, हे काई जगत नाई. मायनं कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध टाकलं माह्या तोंडात."

"किती दिवस?"

"तिनं मोजलं नाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी बारदाना पुन्हा गुंडाळला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल येनार होतो मी. कपडे घालून बसलो होतो. पन एवढी एक उगवण पाह्याची हिंमत नाई झाली, मॅडम."

मला पूल आठवला, ढग आठवला, कुठे काय सरकत होतं तेही आठवलं, पण नीट सांगता येईना. शेवटी मी एवढंच म्हटलं, "भाऊ, नांगी भरली."

किती टक्के, हे त्यांनी विचारलं नाही. मिशीतल्या त्या कोऱ्या पट्ट्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि दाताची गुंडाळी पुन्हा दोरीवर टांगली, सावलीच्या बाजूला.