हालला तो गेला

खाप्याच्या मारोतरावांच्या घरात बावीस माणसं राहत होती, आणि मारोतरावांच्या मते त्यांतली एकवीस फार मोठ्यानं बोलत. हे मत ते अंगणात उभे राहून मांडत, तेव्हा नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ते नीट ऐकू जाई.

त्यांची मुलगी सुमती हिचं लग्न याच आवाजापायी अडलंय, अशी त्यांची खात्री झाली होती. स्थळ चांगलं होतं. नागपुरात धरमपेठेत घर, मुलगा बँकेत आणि सुमतीला तो एका लग्नात पाहूनच आवडलेला. मारोतराव स्वतः बोलणी करायला गेले. नमस्कार झाल्याझाल्या त्यांनी संत्र्याच्या बागेपासून सुरुवात केली, तिथून ते कन्हानच्या पुराकडे वळले आणि पुरातून थेट स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनवर आले. साडेतीन तासांत सगळं सांगून झालं, फक्त आपण मुलीचे कोण हे सांगायचं राहिलं. मुलाचे वडील गोपाळराव त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "काय आहे, आम्हाले शांत घर पाहिजे."

घरी येताच मारोतरावांनी सुमतीला समोर बसवलं.

"आपल्या घरी बावीस माणसं आहे, हे त्यायले कोणीतरी सांगून देल्लं."

"बाबा, तुमी तिथं किती वेळ बोलले?"

"मी कुठं बोललो वं? दोन शब्द बोललो अन् चहा पिऊन आलो."

मारोतरावांचा बेत एव्हाना ठरलाही होता. घराचा एक झकास फोटो काढायचा. रिकामं अंगण, दारात एकटी सुमती, बाकी चिटपाखरू नाही. तो गोपाळरावांना पाठवला की शांततेचा पुरावाच हातात.

अडचण एवढीच होती की अंगण रिकामं होईना. फोटोग्राफर येणार ही बातमी घरात पसरली आणि रविवारी सकाळी मारोतरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली. तिच्या मागे इस्त्रीचे कपडे घातलेली बाकीची मंडळी जमली.

"अक्का, आज घराचा फोटो आहे. माणसायचा नाही," मारोतराव म्हणाले.

"घराचा फोटो निघून राहिला अन् आमी काय गोठ्यात बसाचं?"

"दहा मिनिटं बसलं तं काय होते?"

"मंग तू बस. तुले बैलाची सोबत होईल."

धरमपेठेतून पहिल्या बसनं आलेला चंद्रभान फोटोग्राफर हे सगळं शांतपणे ऐकत होता. त्याचा स्टुडिओ गोपाळरावांच्या शेजारच्याच गल्लीत होता, म्हणून मारोतरावांनी त्याला मुद्दाम निवडलं होतं. त्यानं मारोतरावांना बाजूला घेतलं.

"काका, कोणाले हटवू नका. माह्यापाशी याच्यावर इलाज आहे."

त्यानं मखमली डबीतून एक काळी काच काढली. त्याच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या साडूनं ती सिंगापूरहून आणली होती. एकीवर एक अशा दोन गोल काचा. पुढची फिरवली की उजेड कमी होई, आणखी फिरवली की आणखी कमी. मारोतरावांनी ती डोळ्याला लावली. फिरवली तर अंगणात संध्याकाळ झाली. आणखी फिरवली तर दिवेलागण झाली आणि शेवटी मनकर्णाबाई खुर्चीसकट अंधारात बुडाली. मारोतरावांनी बहिणीला तीनदा बुडवून तीनदा वर काढलं आणि मगच काच परत दिली.

"पण याचा उपयोग काय गा?"

"उजेड येवढा कमी केला का फोटो पंचवीस सेकंद घेता येते. तेवढ्या वेळात जो हालत राहिला, तो फिल्मवर उमटतच नाही. घर हालत नाही, ते येते. सुमतीले सांगू, तू हालू नको, ते येते. बाकीच्यायनं नुसतं इकडून तिकडं फिरत राहाचं."

"म्हणजे ते फोटोत राहिले बी अन् आले बी नाही?"

"सफाचट."

ही काच सरकारनं प्रत्येक एकत्र कुटुंबाला रेशनवर द्यावी, असं मारोतरावांना मनापासून वाटलं.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट मात्र आली नाही. मनकर्णाबाईच्या लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत तिच्या नवऱ्याला ऐन वेळी शिंक आली होती आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग उमटला होता. पुढे तो बिचारा वारला. भिंतीवर लावायला तोच फोटो होता, त्यामुळे इतकी वर्षं दर दिवाळीला हार पडे तो कोटावर बसलेल्या त्या ढगाला. तेव्हापासून या घरात एक नियम होता. कॅमेऱ्यासमोर हालायचं नाही. नाकावर माशी बसो, पायाखाली विंचू येवो, हालायचं नाही. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकत.

मारोतराव पायरीवर चढले. "ऐका. नवीन पद्धतीचा फोटो आहे. सगळ्यायनं फिरत राहाचं. गप्पा करा, झाडू मारा, काही बी करा, पण थांबू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळी फिरायलाही लागली. मनकर्णाबाईसुद्धा उठून तुळशीभोवती फेऱ्या घालू लागली. सुमती दारात उभी राहिली. चंद्रभाननं तिपाईवर कॅमेरा पक्का केला, काच फिरवून उजेड बेताचा केला आणि आवाज दिला, "सुरू."

त्याबरोबर अंगणातली वीसही माणसं जिथल्या तिथे थिजली.

"अरे, हाला ना," मारोतराव ओरडले. कोणी हाललं नाही. मनकर्णाबाईनं प्रदक्षिणा अर्ध्यात सोडून कॅमेऱ्याकडे तोंड केलं होतं. धाकटा भाऊ रामाजी एक पाय उचललेल्या अवस्थेत सापडला होता आणि तो तसाच एका पायावर उभा राहिला.

"रामाजी, पाय खाली ठेव. चाल गा."

रामाजी ओठ न हलवता म्हणाला, "फोटो झाला का चालतो, भाऊ."

"फोटो होऊन राहिला म्हणूनच चाल म्हणतो ना मी."

मारोतराव या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. त्यांनी भाच्याला ढकललं, वहिनीसमोर टाळ्या वाजवल्या, पोरांना गुदगुल्या केल्या. पोरं डोळ्यांत पाणी येईपर्यंत ताठ उभी राहिली, पण हसली नाहीत. चंद्रभान मोठ्यानं आकडे मोजत होता. पंचवीस झाल्यावर त्यानं कॅमेरा बंद केला, रामाजीनं पाय खाली ठेवला आणि सगळ्या घरानं एकदम श्वास सोडला.

"आणखी एक काढ," मारोतराव धापा टाकत म्हणाले.

"रोल खतम झाला, काका. कालच्या लग्नात बाकीचे फोटो गेले, हा येकच उरला होता. पण काही फिकर करू नका, काच विलायती आहे."

विलायती शब्दावर मारोतरावांचा विश्वास होता. फोटो धुऊन झाला की थेट गोपाळरावांच्या घरी नेऊन दे, असं त्यांनी बजावलं आणि सोबत द्यायला स्वतःच्या सहीची चिठ्ठीही लिहून दिली.

आठ दिवसांनी चंद्रभान दुसरी प्रत घेऊन खाप्याला आला तो हसतच. फोटोत वीसच्या वीस माणसं आणि दारात सुमती. इतकी स्वच्छ, की रामाजीच्या सदऱ्याची गुंडी तुटली होती तेही दिसत होतं.

मारोतरावांनी फोटो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "मी कुठं आहो?"

"तुमी हालले ना," चंद्रभान आनंदानं म्हणाला. "काका, काच खरी निघाली. येवढे धावले तुमी, पण काडीभर दिसले नाही."

"अन् हे तू त्यायच्या घरी देऊन आला?"

"धुतला त्याच दिवशी. तुमीच तं म्हणलं, थेट नेऊन दे."

मारोतराव मटकन पायरीवर बसले. स्थळ गेलं हे नक्की होतं. त्या रात्री सुमती जेवली नाही, आणि ते पाहून मारोतरावांनीही ताट बाजूला सारलं.

दोन दिवसांनी गोपाळरावांचं पत्र आलं. मारोतरावांनी ते सगळ्यांना अंगणात जमवून, नेहमीच्या आवाजात वाचायला घेतलं.

"श्री. मारोतराव यांस, फोटो मिळाला. भरलेलं घर आणि तरीही इतकी शांत माणसं, पाहून समाधान वाटलं. मधोमध एका पायावर उभे आहेत ते आपणच असाल. चेहऱ्यावर विलक्षण संयम दिसतो. आम्हाला मुलगी पसंत आहे." इथे मनकर्णाबाईनं सुमतीच्या पाठीवरून हात फिरवला. मारोतरावांचा आवाज मात्र उतरत चालला होता. "मन मोकळं करून लिहितो. मध्यंतरी आपल्याकडून एक गृहस्थ येऊन गेले. ते मुलीचे वडील असावेत अशी आम्हाला भीती वाटली होती. फोटोत ते कुठेच नाहीत हे दोनदा भिंग लावून पाहिलं आणि मगच हे पत्र लिहायला बसलो."

शेवटचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

मारोतरावांना फार लागलं. पत्राची घडी घालत ते म्हणाले, "सुमे, लग्नापुरता रामाजीले बाप म्हण. मी साक्षगंधाच्या अन् लग्नाच्या दिवशी बागेत जाऊन बसतो."

"मी काहून दुसऱ्याले बाप म्हणू?" सुमती म्हणाली आणि कागद घेऊन बसली. तिनं लिहिलं की ते गृहस्थ माझे बाबाच आहेत आणि ते मला जसे आहेत तसे आवडतात. घरातल्यांच्या आग्रहावरून तिनं खाली एक ओळ वाढवली, की लग्न पार पडेपर्यंत एक शब्दही बोलणार नाही अशी शपथ त्यांनी आजच घेतली आहे. मारोतरावांनी मान हलवून दुजोरा दिला, कारण शपथ सुरू झाली होती.

उलट टपाली उत्तर आलं. गोपाळरावांनी लिहिलं होतं की लग्न ठरलं असं समजावं, मुलीचं मन पाहून आनंद झाला. मुहूर्ताची मात्र घाई नको. पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.

सुमतीनं पत्र वाचून दाखवलं. मारोतराव ताडकन उठले आणि काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण वीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती आणि मनकर्णाबाई पंचांग घेऊन पुढच्या वर्षाची पानं उलटायला बसलीही होती.