कानबाईचा रोट आणि थुंकीचा रिपोर्ट

"आपल्या कुळात यापुढे कुणाला शुगर होणार नाही," असं योगेंद्रने आखाजीच्या सणालाच जाहीर करून टाकलं होतं. जळगावात पाइपांच्या कंपनीत नोकरी, मनगटावर चमकणारं घड्याळ आणि मोबाईलमध्ये आरोग्याची ॲपं. एवढ्या भांडवलावर माणूस काय जाहीर करणार नाही? पारोळ्याजवळच्या आपल्या गावी येताना या वेळी त्याने नळ्या आणल्या होत्या. नळीत थुंकायचं, नळी बंगलोरला जाणार, तिथे जीन्स तपासणार आणि कुणी काय खावं, काय टाळावं ते ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येणार.

"आनि मशीन चुकनं ते?" मोठे काका झुलालनाना म्हणाले.

"माणूस चुकतो, नाना. मशीन चुकत नाही."

स्वतःची नळी तो जळगावातच भरून आला होता. बायकांच्या नळ्या पुढच्या खेपेला ठरल्या. नाना, वडील चुडामणआप्पा आणि दोन धाकटे काका यांच्या हातात नळ्या देऊन हा पठ्ठ्या ॲपमध्ये नावं भरायला रेंज शोधत गच्चीवर गेला, आणि तिथेच घात झाला.

रिपोर्ट आले. चौघांनाही एकच सल्ला: गोड हवं तेवढं खा, मिरची मात्र बंद! खानदेशी माणसाची मिरची बंद करायची म्हणजे त्याला जिवंतपणी श्राद्धाला बसवण्यासारखंच. पण मशीनचा शब्द. आप्पांनी दोन महिने उकडलेला दुधी गिळला आणि पोराकडे रुसलेल्या जावयासारखं तिरकं बघितलं.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली. रोटाचे गहू दळले, पुरणपोळ्या झाल्या. हा रोट म्हणजे देवीचा प्रसाद, तो कुळातल्याच माणसांनी खायचा. परक्याच्या तोंडी त्यातला घास गेलेला कानबाईला चालत नाही. योगेंद्र वर्षभर या पोळ्यांची वाट बघत असे. पंगत बसली, तूप पडलं, आणि एवढ्यात त्याला ज्ञान पाजळायची हुक्की आली.

"ॲपमध्ये नवीन सोय आलीय. कोण कुणाच्या किती जवळचं ते दाखवतं." त्याने बटण दाबलं.

नाना, आप्पा आणि दोन्ही काका एकमेकांशी शंभर टक्के जुळले. योगेंद्रपुढे लिहून आलं: नातं आढळलं नाही.

नानांनी शांतपणे त्याचं ताट ओढून घेतलं. "कुळना नही तू. भाईर जाय."

आई, वच्छलाबाई, हातातल्या डावासकट धावत आली. "धुळ्याना दवाखानामा जन्म दिन्हा मी याले! तवय हाऊ मोबाईल व्हता का तठे?"

योगेंद्रने आशेने वडिलांकडे पाहिलं.

"मशीनचं आयकीसन मी दोन महिना दुधी खादा," आप्पा म्हणाले. "आते तू बी आयक."

योगेंद्र ओट्यावर येऊन बसला. आतून तुपाचा वास येत होता आणि त्याला खरोखर रडू फुटत होतं. ओट्यावर शेजारचा वना तंबाखू मळत होता. तो परका, त्याचं बाहेर बसणं रीतसर होतं.

"तुम्ही का बरं भाईर, भाऊ?"

योगेंद्रने सगळं सांगितलं. वनाचा मळता हात थांबला.

"भाऊ, त्या चारी नळ्या तं मी भऱ्यात."

घडलं होतं ते असं. नानांच्या देखत धाकट्यांनी थुंकायचं कसं? आणि घरातल्या सुनांच्या देखत नानांनी तरी थुंकायचं कसं? मानमर्यादेपायी नळ्या कोरड्याच राहिल्या, गोठ्यामागे गेल्या आणि तिथे वना भेटला. तंबाखूच्या कृपेने त्याच्या तोंडाला पाण्याचा तोटा नव्हता.

योगेंद्र धावतच आत गेला. "नाना, तुम्ही थुंकलाच नाहीत?"

"नळीवर नाव तं मनंच, झुलालनंच व्हतं ना?" नाना म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला होता.

थोडक्यात, चौघे भाऊ शंभर टक्के वना निघाले होते. हे ध्यानात येताच आप्पांनी आधी मिरचीचा ठेचा मागितला आणि मग मुलगा.

"कुळनाच शे पोऱ्या. बठ," नानांनी निकाल दिला. ताट परत आलं. योगेंद्रने पोळीचा पहिला घास मोडला.

"थांब," नाना म्हणाले. "आम्हना रिपोर्ट वनाना. मंग खरा रिपोर्ट एकला तुना. त्यामा काय लिखेल शे?"

"काही विशेष नाही," योगेंद्र पुटपुटला. हा रिपोर्ट त्याने कुणालाच दाखवला नव्हता. पण बायकोपासून मोबाईल कुणाचा लपलाय? ज्योतीने तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "शुगरचा धोका फार मोठा. गोड कायमचं बंद."

आता रोट टाकून देणं हा अपराध, आणि परक्याला देणं तर त्याहून मोठा. नानांनी योगेंद्रच्या हातातला घास काढून घेतला, त्याच्या पोळ्या उचलल्या आणि चौघा भावांत सारख्या वाटल्या.

"काळजी करू नको," त्याची तुपाची वाटीही आपल्याकडे सरकवत ते प्रेमाने म्हणाले. "भाऊबंद कशाले ऱ्हातस मंग?"