सबंध देशाचं जेवण

माणूस कुठला आहे हे मी त्याच्या ताटावरून ओळखतो. नाव नको, गाव नको, नुसतं ताट दाखवा. भाताचा डोंगर करून त्यावर मासा ठेवणारा समुद्रकाठचा, भाकरी चवड लावून खाणारा सपाटीवरचा आणि बटाटा सालीसकट तोंडात टाकणारा डोंगरातला. त्यामुळे आमच्या आहार-पाहणी कचेरीत सबंध देशाच्या जेवणाची पाहणी निघाली, तेव्हा मी छाती पुढे काढून साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. छातीच्या आधी पोट पोचलं, ते सोडा.

"अकरा वर्षं हंगामी आहात ना?" साहेब म्हणाले. "ही पाहणी चोख करा, कायम करतो. घोळ घातलात तर मात्र कायमचे घरी बसा."

अकरा वर्षं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. माझे सासरे अजूनही माझी ओळख "हे आमचे जावई, सध्या नोकरीला आहेत" अशी करून देतात. त्या 'सध्या'वर ते असा काही जोर देतात की समोरचा माणूस मला खुर्ची द्यावी की धीर द्यावा याच विचारात पडतो.

काम म्हटलं तर पोरखेळ होता. घरी जायचं, शिजलेल्या प्रत्येक भांड्याचं वजन करायचं. घरचे जेवले की पुन्हा वजन करायचं. जो फरक येईल त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचं, की माणशी आहार तयार. नियम सातवा मात्र असा होता की पाहणी करणाऱ्याने तिथे काही खाऊ नये. हा नियम कोणीतरी भरल्या पोटी लिहिलेला असणार.

पहिलं घर समुद्रकाठचं. नवरा मासे धरायचा, घरात खाणारी आठ माणसं. मी काटा मांडून भांडी मोजली आणि भिंतीला टेकून बसलो.

"दादा, हात धुऊन घ्या," घरच्या वहिनी म्हणाल्या.

"नको वहिनी, नियम आहे. तुम्ही जेवा, मी बघतो."

"तुम्ही बघणार आणि आम्ही जेवणार? घास उतरेल का? पाहुण्याचं झाल्याशिवाय इथे कोणी बसत नाही. नाहीतर उचला तुमचा काटा."

आता काटा उचलला तर पाहणी बुडणार, आणि पाहणी बुडाली तर मीही बुडणार. केवळ सरकारी कामाला बाध येऊ नये म्हणून मी तीन मासे आणि दोनदा भात खाल्ला. मग पुन्हा वजन केलं. घरचे अजून बसायचे होते, पण माझी बस सुटत होती. म्हटलं, आपल्याला फरकाशी मतलब आणि फरक तर आला. आठने भागला आणि निघालो.

एकदा सवय लागली की लागलीच. सपाटीवर शेतकऱ्याकडे पाच माणसं होती, तिथे मी बाजरीच्या चार भाकऱ्या पाचांत वाटल्या. म्हणजे कागदावर. पोटात त्या एकाच ठिकाणी गेल्या. अशी एकतीस घरं झाली. बत्तिसावं घर डोंगरातल्या एका आजींचं. आजी ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, फुंकर मारली तर उडून जातील अशा. त्यांनी कोंबडी शिजवली होती. ती कोंबडी मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि पुढे साहेबही विसरले नाहीत.

परत आल्यावर आठवड्याभरात साहेबांनी आत बोलावलं. समोर माझे तक्ते पसरलेले.

"समुद्रकाठचा माणूस एका जेवणाला चार चमचे भात खातो?"

"हवा दमट असते साहेब. भूक मरते."

"आणि डोंगरातल्या या बाई? अर्धी कोंबडी, सात बटाटे. वय ब्याऐंशी?"

"हवा कोरडी असते साहेब."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. माझ्या घशात त्या सात बटाट्यांनी एकदम पुन्हा हजेरी लावली. आता घरी बसा म्हणणार, या तयारीने मी डोळे मिटले. पण साहेब खुर्चीतून उठलेच.

"अहो, हा शोध आहे. या बाईंना मी स्वतः जेवताना बघणार. उद्या निघायचं."

सबंध रस्ता मी मुकाट्याने घाटाची वळणं मोजत होतो. आजींनी आम्हाला पाहिलं आणि लगेच चूल पेटवली. साहेब बाहेर काटा पुसत बसले, तसा मी स्वयंपाकघरात शिरलो.

"आजी, एक काम करा. आज साहेबांसमोर अर्धी कोंबडी आणि सात बटाटे खा."

"वेडा की काय तू? मी वाटीभर पेज घेते, ती पण पुरी संपत नाही."

"मागच्या खेपेला मी खाल्लं ते तुमच्या नावावर लिहिलंय. खरं कळलं तर माझी नोकरी जाते."

आजी म्हणाल्या, "बाळा, खाल्लंस ते खाल्लंस. पण एवढं माझ्या नावावर? गावात कळलं तर लोक काय म्हणतील?"

मला खरोखर लाज वाटली. नोकरी माझी आणि बदनामी त्या माउलीची. सरळ बाहेर जाऊन कबूल करावं असं ठरवून मी वळलो, तर आजींनी दंडाला धरून मला पाटावर बसवलं. "गप बस. वाढायचं काम माझं आहे."

साहेबांनी भांड्यांची वजनं घेतली आणि आजींना म्हणाले, "आता तुम्ही जेवा."

"तुम्ही आधी. नुसती चव बघा."

"छे छे, नियम सातवा."

"रस्सा तर पाणीच आहे की. पाण्याला कसला नियम?"

साहेबांनी रस्सा घेतला. रश्श्यात चुकून एक तुकडा आला होता, तो टाकवेना. तुकड्याबरोबर बटाटा हवाच. मग बटाटा एकटा कसा खाणार, म्हणून पुन्हा तुकडा. मी खाली मान घालून मोजत होतो. सातव्या बटाट्याला साहेबांनी पट्टा सैल केला. आजी कोपऱ्यात पेजेची वाटी हातात घेऊन शांत बसल्या होत्या.

जेवण झालं. साहेबांनी भांडी काट्यावर ठेवली, आणि मग ते काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"घरात जेवणारी माणसं किती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एक."

"मग एकच लिहा."

परतीच्या वाटेवर साहेब एवढंच म्हणाले, "हवा कोरडी आहे खरी."

अहवाल छापून आला आणि त्याच्यासोबत मला कायम केल्याचं पाकीटही आलं. पाकीट फोडायच्या आधी मी अहवाल बायकोपुढे ठेवला. ती वाचत गेली, तसं तिचं कपाळ आक्रसत गेलं.

"अहो, हे काय लिहिलंय? देशभरातल्या एकतीस घरांत भोपळा शिजतो, पण एकाही घरात तो खाल्ला जात नाही. कारण अज्ञात?"

"असेल एकेका देशाची आवड."

"आणि कांदा सगळीकडे बाजूला काढून ठेवतात? आणि सबंध देश भात दोनदा घेतो, दुसऱ्यांदा 'थोडासाच' म्हणून?" तिने अहवाल मिटला. "हा देश नाही हो. हे तुमचं ताट आहे."

एका क्षणात ओळखलं तिने. मला निदान ताट तरी बघावं लागतं, तिला तर ताटही लागलं नाही. मी घाईघाईने पाकीट फोडून तिच्या हातात दिलं. म्हटलं, सासऱ्यांना आधी कळव, 'सध्या' संपलं.

तिने मोठ्याने वाचलं. पाहणीत आढळलेल्या गंभीर उणिवेची दखल घेऊन नवा भोपळा प्रसार विभाग उघडण्यात येत आहे. त्यात माझी कायम नेमणूक करण्यात येत आहे. कर्मचाऱ्याने घरोघर जाऊन, घरच्या मंडळींसमोर पोटभर भोपळा खाऊन दाखवावा, निवृत्तीपर्यंत. सोबत नियम सातवा रद्द केल्याचं साहेबांच्या सहीचं पत्र.

बायकोला मात्र आनंद झाला. अकरा वर्षांनी आलेली बातमी, तिने तोंड गोड करायला लगेच खीर केली. कशाची, ते विचारू नका.